विलायती दाढीचं सामान

आरसा सरळ आहे की खोटा, हे तपासायला लोक पट्टी लावतात, दोरा ताणतात. तुळतुळीतराव आपला गाल वापरत.

नवा आरसा भिंतीला टेकवायचा, त्याच्यासमोर उभं राहायचं, मान किंचित वळवायची आणि गाल न्याहाळायचा. गाल गुळगुळीत आणि सडसडीत दिसला की आरसा पास. गाल फुगलेला दिसला, तर तो फुगवटा आरशाचा. गालाचा असणं शक्यच नव्हतं. हे काही त्यांचं एकट्याचं मत नव्हे. अख्खी गल्ली हेच म्हणायची. त्यांच्या गालावर माशी बसत नसे. म्हणजे बसायला यायची, पण घसरायची. समोरच्या चष्मेवाल्याने एका माशीला सकाळपासून घसरताना पाहिलं होतं. शेवटी ती हात टेकून त्याच्या काउंटरवर येऊन बसली, असं तो शपथेवर सांगे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? तुळतुळीतराव म्हटलं की रिक्षावालासुद्धा थेट दारात आणून सोडत असे.

व्यापाऱ्याकडून चांदी चढवलेल्या मोठमोठ्या काचा यायच्या. त्या कापायच्या, कडा घासायच्या, चौकटीत बसवायच्या, हा त्यांचा धंदा. दर गाडीत काही काचा गाल फुगवून दाखवत. त्या ते परत पाठवत. व्यापारी कुरकुर करायचा, "राव, काच एकदम सरळ आहे हो!" त्यावर तुळतुळीतराव त्याच्यापुढे गाल करत. व्यापारी काचा परत गाडीत चढवे. त्यांना एकाच गोष्टीचा राग होता, 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' या म्हणीचा. धंद्याला वाईट, म्हणत.

तर या गालामागे एक साबण होता. विलायती. हिरव्या कागदात गुंडाळलेली अंगठ्याएवढी कांडी. ब्रिटिश लोक ती तिकडे इतकी स्वस्त विकत, की घेताना माणसाने ओशाळावं. दुसरा कुठलाही साबण लागला की तुळतुळीतरावांच्या गालावर पुटकुळ्यांचं पीक येई. धाकटा भाऊ तिकडे राहायचा. येताना साबण आणायचा, पण सुखासुखी नाही.

"दादा, लोक काय म्हणतील? सख्खा भाऊ विलायतेहून आला, आणि आणलं काय, तर तिथला सगळ्यात स्वस्त साबण!"

एकदा त्याने आपल्या मनाने भारीतली डबी आणली. लाकडाची, आत मखमल, मखमलीत साबण असा बसवलेला जसा काही राजाचा दात. तुळतुळीतरावांनी तो एकदाच लावला. आठवडाभर दुकानाचं दार अर्धं लावून बसावं लागलं. मग तो साबण खिडकीच्या कुरकुरणाऱ्या कडीला घासला. कडी अजून कुरकुरते, पण सुवासिक.

"तो स्वस्तवाला सगळ्यात खालच्या फळीवर असतो रे," भाऊ म्हणायचा. "वाकावं लागतं."

"मग वाक की," तुळतुळीतराव म्हणायचे.

त्या वर्षी साबणाची शेवटची चिपटी उरली होती आणि भावाचा फोन आला.

"दादा, यंदा मी येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

"अरेरे. मग साबण?"

"माझा गुडघा जातोय आणि तुला साबणाचं पडलंय! तुझ्यापायीच गेलाय हा. पंचवीस वर्षं त्या खालच्या फळीपुढे वाकतोय."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी! लेक येतेय ऑफिसच्या कामाला, राहील तुमच्याकडेच. तिला सांग काय ते."

नेमका त्याच वेळी शिंप्याचा निरोप आला. शिंपी हे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याचं जुनं दुकान तुळतुळीतरावांच्याच आरशांवर उभं होतं, आणि आता तो मोठ्या रस्त्यावर नवं दुकान काढत होता. तिथल्या सगळ्या खोल्यांना डोक्यापासून पायापर्यंतचे आरसे हवे होते.

"राव, आरशांच्या कारखान्याचा माणूस रोज येऊन बसतोय," शिंपी म्हणाला. "मी म्हटलं, आमच्या रावांचा गाल आहे तोवर मला कारखाना नको. पण एक जरी आरसा बिघडला ना, तर पुढचं मला सांगू नका."

म्हणजे गाल राहिला तर दुकान राहणार, आणि साबण राहिला तर गाल. तुळतुळीतरावांनी त्याच संध्याकाळी पुतणीला फोन लावला.

पुतणी तिकडेच जन्मलेली, तिकडेच वाढलेली. मराठी शिकली ती आईच्या तोंडून, स्वयंपाकघरात. त्यामुळे जेवण आणि ओरडा या दोन विषयांत ती पक्की होती, बाकी अंदाजाने चालायचं. काकाला तिने पाळण्यात असताना पाहिलं होतं, त्यानंतर व्हिडिओ कॉलवर. पण काका व्हिडिओ कॉलसुद्धा फोन कानाला लावून घ्यायचा. आजवर तिला काकाचा फक्त कान ठाऊक होता.

"पोरी, मला बाकी काही नको. फक्त दाढीचं सामान आण."

"दाढीचं?"

"हो. तिकडचंच पाहिजे. आणि महागडं नको हं. स्वस्तातलं. बाबांना विचार, त्यांना माहितीये."

"बाबा गोळी घेऊन झोपलेत. मी दुकानात विचारते ना."

"खालच्या फळीवर असतं."

"ओके. काका, तुम्हाला फार आवडते ना तुमची दाढी?"

"आवडते म्हणजे? अगं, सगळं दुकान तिच्यावर चाललंय."

पुतणीने फोन ठेवला, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काका स्पष्ट उभा होता. आरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला, छातीवर पांढरीशुभ्र दाढी रुळलेली, आणि ती दाढी पाहायला गिऱ्हाइकांची रांग.

ती आली, त्या सकाळी तुळतुळीतरावांनी शेवटच्या चिपटीने दाढी उरकली होती. पुतणीने दारातच काकूला मिठी मारली आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"काका कुठेत?"

"हा काय, मीच."

ती त्यांच्या हनुवटीकडे बघत राहिली.

"दाढी?"

"सकाळीच केली."

तिने नीट पाहिलं. वाकून पाहिलं. "कुठे?"

"न्हाणीघरात."

"मग ती... तिकडेच आहे?"

"तिकडे कशी असेल? धुऊन टाकली."

पुतणीने बॅग उचलून आत आणली. वयस्कर माणसं आहेत, काही दुःख झालेलं असेल, आल्याआल्या विचारू नये, एवढी समज तिला होती. चहा झाल्यावर तिने बॅग उघडली आणि एकेक वस्तू काकांच्या मांडीवर ठेवली. दाढीचं तेल. दाढीचं मलम. दाढीचा लाकडी कंगवा. दाढीचा ब्रश. मलमाच्या डबीवर एका माणसाचं चित्र होतं. माणूस कमी, दाढीच जास्त.

"सगळं ब्रिटिश आहे. आणि सगळं सेलमध्ये!" ती म्हणाली.

तुळतुळीतरावांनी बाटली उलटी केली, डबी उघडली, बंद केली, परत उघडली.

"यात साबण कुठला?"

"साबण? काका, दाढीला साबण नाही लावायचा. कोरडी पडते."

काकूंनी नवऱ्याचा चेहरा ओळखला आणि त्यांना आतून डबा काढून द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"एक अक्षर बोलू नका. पोरीने एवढ्या लांबून आणलंय."

"अगं, पण हे दाढी वाढवायचं आहे!"

"मग वाढवा. तुमची ती वाढायला कुठे पैसे पडतात?"

"आणि शिंप्याचे आरसे?"

"आधी पोर, मग शिंपी," काकू म्हणाल्या आणि काहीच न घालता डब्याचं झाकण लावून टाकलं.

तरी तुळतुळीतरावांनी चोरून कोपऱ्यावरच्या दुकानातला साबण आणला. लावला. दुसऱ्या दिवशी ते आरशासमोर उभे राहिले, तर प्रत्येक आरशात खड्डे आणि टेंगळं. अख्खा माल बाद. पुटकुळ्यांवरून वस्तरा फिरवायची सोय नव्हती. दाढी वाढू लागली आणि खाजू लागली. खाज थांबावी म्हणून त्यांनी तेलाचे दोन थेंब लावले.

आता त्या तेलाबद्दल काय सांगावं! तिसऱ्या दिवशी दाढी कानाखालून निघाली आणि हनुवटीवर भेटली. पाचव्या दिवशी शर्टाचं वरचं बटण दिसेनासं झालं. बाटली उघडताना एक थेंब दारातल्या पायपुसण्यावर सांडला होता. ते पायपुसणं इतकं दाट झालं की दार लागेना. काकूंनी कात्रीने त्याचे कोपरे कापून घेतले. पुतणी खूश. ती रोज सकाळी विचारायची, "काका, आज दाढी केलीत?" आणि तुळतुळीतराव काकूंकडे बघत म्हणायचे, "नाही गं बाई." ती हसायची. म्हणायची, "तरी किती छान झालीय!"

शिंप्याचा दिवस जवळ आला. काचांची नवी गाडी येऊन पडली. आणि गाल तर दाढीत बुडालेला. तुळतुळीतराव सवयीने पहिल्या काचेसमोर उभे राहिले. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी खिशातला लाकडी कंगवा काढला आणि दाढी खाली सरळ विंचरली. केस कसे दोऱ्यासारखे उभे पडले. आणि आरशात ते केस वाकडे दिसले.

त्यांनी परत विंचरली. आरशात परत वाकडे. मधोमध आत वळलेले, जसं काही कुणी दाढीला कमरेत आवळलंय.

त्यांनी दुसरी काच घेतली. ही तर फुगवटा दाखवणारी. एरवी त्यांनी ती दारातूनच परत पाठवली असती. तिच्यात दाढी सरळ पडली. केसन् केस सरळ. आणि दाढीच्या वर डोळ्यांखाली जो काय थोडा गाल उघडा होता, तो फुगलेला होता.

तुळतुळीतरावांनी हाताने गाल चाचपला. तो खरोखरच फुगलेला होता.

ते स्टुलावर बसले. पंचवीस वर्षं त्यांनी सरळ काचा परत धाडल्या होत्या आणि माणसाला बारीक दाखवणाऱ्या काचा गावभर विकल्या होत्या. कारण एकच. त्यांचा गाल गोल होता आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? ज्या आरशांनी सांगितलं, ते सगळे परत गेले होते.

धंदा म्हणजे धंदा. खोटा माल आता कळून-सवरून विकायचा नाही, असं ठरवून त्यांनी कंगवा घेतला, काचा वेचल्या आणि शिंप्याच्या नव्या दुकानात एकजात सरळ आरसे बसवून दिले. शिंप्याने दाढीकडे पाहिलं, पण कामाच्या गडबडीत विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तो दोन माणसांच्या खांद्यावर एक आरसा देऊन दुकानात आला.

"राव, हे काय दिलंत?"

"आरसा."

"यात माझी गिऱ्हाइकं जाड दिसतात!"

"जाड आहेतच ती."

"ते मला ठाऊक नाही? रोज मापं मी घेतो! पण त्यांना कशाला कळायला पाहिजे?" शिंप्याने कपाळाचा घाम पुसला. "काल एक बाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. पुढून बघितलं, बाजूने बघितलं, आणि कोट काढून माझ्या अंगावर टाकला. म्हणे जुन्या दुकानात तुम्ही चांगलं शिवत होतात! कापड तेच, माप तेच, हात माझाच. मग काय बदललं?"

तुळतुळीतरावांनी दाढी विंचरून त्याला सगळं समजावून सांगितलं. केस, वाक, फुगवटा, सगळं. शिंप्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आता दाखवताय ते खरं?"

"खरं."

"आणि आधी दाखवत होतात ते खोटं?"

"तसंच म्हणायचं."

"मग मला आधीचं पाहिजे," शिंपी म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर कारखान्याची गाडी दारात उभी करतो. खरंच दाखवायचं असेल तर ते कारखानेवाले कमी पैशात दाखवतात."

तो गेला. दोन्ही माणसं आरसा दारातच ठेवून गेली, त्यामुळे जाता-येता तुळतुळीतरावांना आपला गाल दिसत राहिला.

बाकीच्या काचा मागच्या खोलीत होत्या. बारीक दाखवणाऱ्याही होत्या, पण त्यातली कोणती किती बारीक दाखवते हे दाढीला सांगता येईना. दाढीच्या लेखी सगळ्या सारख्याच खोट्या. माणसाला शोभेल इतकं खोटं आणि हसू येईल इतकं खोटं, यातला फरक फक्त गालाला कळायचा. त्यांनी घरी येऊन पुतणीला समोर बसवलं. काकूंनी डोळे वटारले, तिकडे लक्ष दिलं नाही.

"पोरी, रागावू नकोस. मला दाढी करायचा साबण हवा होता."

"दाढी करायचा? पण दाढी झाली की, काका! तेलानेच केली."

"केली नाही, वाढली. मला दाढी करायची आहे."

"आणखी?"

"आणखी नाही! करायची म्हणजे... काढायची."

पुतणीने कपाळाला हात लावला. "थांबा. चहा केला की चहा होतो?"

"होतो."

"अंथरूण केलं की अंथरूण होतं?"

"होतं."

"आणि दाढी केली की दाढी जाते?"

तुळतुळीतरावांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"जाते," ते म्हणाले.

"म्हणजे शेव्हिंग!"

"हां! शेव्हिंग!"

"मग साधं मराठीत शेव्हिंग म्हणायचं ना, काका!"

ती उठली, आतून आपली छोटी पिशवी घेऊन आली आणि तिने हिरव्या कागदाचा एक चुरगळलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. कागदात अंगठ्याच्या नखाएवढा साबण होता.

"हा तर नाही ना?"

तुळतुळीतरावांनी तो नाकाशी नेला. "हाच. तुझ्याकडे कसा?"

"मी पायांना लावते. घरी सगळे हाच वापरतो. बाबा म्हणतात, याच्याइतका चांगला आणि स्वस्त दुसरा नाही. पेटीच आणून ठेवतात. बाबांना तर डिलिव्हरीवाला घरी आणून देतो."

"घरी? मग वाकणं?"

"कोण वाकतं?"

काकूंनी विषय बदलला.

तुळतुळीतराव न्हाणीघरात गेले. आधी उजवीकडे कात्री, मग ब्रश. इतक्या दिवसांनी तो फेस चढला, तसे त्यांचे डोळे आपोआप मिटले. उजव्या कानापासून त्यांनी सुरुवात केली आणि वस्तरा हनुवटीच्या मधोमध आला तेव्हा साबण संपला. त्यांनी कागद पाण्यात बुडवून ब्रशने घासला. कागद फक्त हिरवा झाला.

ते बाहेर आले. उजवीकडे तुळतुळीत, डावीकडे शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत दाढी.

"अहो, दुसरी बाजू?" काकू म्हणाल्या.

"कोपऱ्यावरचा साबण आणू का?" पुतणी म्हणाली.

"नको," तुळतुळीतराव म्हणाले. "उद्या एवढी चालेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक दाखवणाऱ्या काचा रांगेने लावल्या आणि उजवा गाल पुढे करून वेचल्या. शोभेल तेवढ्या घेतल्या, हसू येईल त्या बाजूला काढल्या. प्रत्येक काच पास केली की मान फिरायची आणि डावीकडची दाढी आरशात वाकडी व्हायची. तुळतुळीतराव तिला म्हणायचे, "तुला कुणी विचारलंय?" पण सरळ निघालेल्या काचा त्यांनी या वेळी व्यापाऱ्याकडे परत पाठवल्या नाहीत. दुसऱ्या भिंतीला नीट टेकवून ठेवल्या.

संध्याकाळी शिंपी आला. त्याने रावांचा चेहरा पाहिला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, पण मनावर घेतलं नाही. दुकान उघडून चार दिवस झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या दाढीशी काय घेणं? तो पहिल्या आरशासमोर उभा राहिला. छाती पुढे आली, पोट आत गेलं. आत घेतलं नव्हतं, गेलं.

"हे बघा! हे आमचे राव! कारखानेवाला गेला खड्ड्यात!"

माणसांनी आरसे उचलले. शिंपी त्यांच्यामागून निघाला, आणि दुसऱ्या भिंतीपाशी आल्यावर त्याचा पाय थबकला. सरळ काचेत तो सबंध उभा होता, पोटासकट. त्याने शर्ट जरा खाली ओढला. मग गळ्यातली टेप काढून आपल्याच कमरेभोवती धरली, आकडा वाचला आणि आरशात पाहिलं. आकड्याचं आणि आरशाचं जमत होतं.

"राव," तो आवाज खाली आणून म्हणाला. "वर्षानुवर्षं माझ्या विजारी कमरेत घट्ट होतात अशी तक्रार आहे. मी कापडाला दोष देत होतो. टेप लावायचो, आकडा मोठा यायचा, समोर आरशात बघायचो, तर माणूस बारीक. मग वाटायचं टेपच सैल धरली. आणि एक बोट कमी करायचो."

तुळतुळीतरावांनी डाव्या बाजूची दाढी हळूच विंचरली.

"तर एक हाही द्या," शिंपी म्हणाला. "मापं घ्यायच्या खोलीत लावतो. माझ्यापुरता. पण त्याच्यावर पडदा पाहिजे."

"पडदा मी कुठून आणू? शिंपी तुम्ही."

"हां, तेही खरंच," शिंपी म्हणाला आणि आरशाची रुंदी मोजायला वाकला.